आक्कानं स्वतःहून गोळ्या सोडल्या नव्हत्या

आज गुरुवार. फुलंब्रीला आक्काचं वर्षश्राद्ध झालं. सकाळी आठला गारखेड्याहून निघालो, दुपारी चारला घरी परत आलो.

आक्का गेली ती गोळ्या सोडल्यामुळं. त्या सोडायला मी सांगितलं होतं.

सहा वर्षं ही गोष्ट फक्त आम्हा दोघा बहीणभावांना माहीत होती.

मी सहसा काही पोस्ट करत नाही. आज भाचीनं सांगितलं म्हणून लिहितोय.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण मंगल. फुलंब्रीत अंगणवाडी सेविका होती. लसीकरणाच्या दिवशी पोरं लपवणाऱ्या आयांना ती घरी जाऊन घेऊन यायची.

"एकदा टोचलं की शरीर ध्यानात ठेवतं बाई. तेच दुखणं परत आलं की ओळखतं अन् हाकलून देतं."

हे तिचं बोलणं मी शंभरदा ऐकलंय.

आठ वर्षांपूर्वी तिला ऑटोइम्यून हिपॅटायटिस निघाला. म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तिच्या लिव्हरवर उठल्या. यात दारूचा संबंध नाही, संसर्गाचाही नाही.

स्टेरॉइड आणि अजून एक गोळी, रोज. दर तीन महिन्यांनी ती एसटीनं माझ्याकडं यायची, रक्त द्यायची. संध्याकाळी रिपोर्ट मी आणायचो.

स्टेरॉइडनं तिचा चेहरा सुजला. शेजारणी म्हणायच्या, "मंगलबाई, भावाकडचं लई मानवलं तुम्हाला!"

ती हसायची. पण फोटो काढू द्यायची नाही.

रिपोर्टमध्ये बिघडलेला आकडा ठळक अक्षरात असतो. मी तेवढंच बघायचो. सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, कागद वाचता येतो असा माझा समज होता.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी एकही आकडा ठळक नव्हता.

"आक्का, सगळं नॉर्मल!"

"खरं सांगतो का माझ्या समाधानासाठी?"

"तूच बघ."

तिनं कागद दोनदा उलटसुलट केला.

"मंग आता सोडू का ह्या गोळ्या?"

डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात होती.

मी म्हणालो, "नॉर्मल आहे तर कशाला घ्यायच्या? सोड. अन् परत हेलपाटा कशाला मारतेस?"

तिनं ऐकलं. लहानपणापासून माझं शिक्षण तिला फार मोठं वाटायचं.

चार महिन्यांनी डोळे पिवळे झाले.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "मीच. माझ्या मनानं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात. लस त्यांच्याच जोरावर काम करते. आक्काच्या शरीरातल्या अशाच काही पेशींनी लिव्हरला शत्रू म्हणून लक्षात ठेवलं होतं. त्या लिव्हरमध्येच मुक्कामाला असतात, वर्षानुवर्षं. गोळी त्यांना दाबून धरते, संपवत नाही. रिपोर्ट चांगला येत होता तो गोळ्या चालू होत्या म्हणून.

आक्का म्हणाली, "म्हंजे डूख धरून बसल्यात. आमच्या सासूबाईवाणी."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "शरीर विसरत नाय, हे मी गावभर सांगत फिरते. माझंच कसं विसरंल वाटलं मला?"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझे दाजी तुला दारात उभं करतील का? गप बस. चहा सांग दोन."

मी गप बसलो.

गोळ्या परत सुरू झाल्या, पण तोवर लिव्हर कडक झालं होतं. सिरॉसिस. पुढची जवळजवळ पाच वर्षं पोटात पाणी, ॲडमिट, डिस्चार्ज, परत ॲडमिट.

तिची मुलगी वैशाली पुण्याला नोकरी करते. प्रत्येक ॲडमिशनला रजा टाकून यायची आणि आईवर चिडायची. "एक गोळी गिळायला काय जड जात होतं तुला? आमचा विचार नाही केलास?"

आक्का भिंतीकडं तोंड करून पडायची. माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.

आज जेवणं झाल्यावर पाहुण्यांमध्ये विषय निघाला. वैशाली म्हणाली, "आईनं स्वतःच्या हातानं करून घेतलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. दाजीसुद्धा म्हणाले, "हट्टीच होती."

मी वैशालीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही. दोन-तीन वाक्यांचंच होतं.

"मामा, इतकी वर्षं तुम्ही नुसतं ऐकत राहिलात?"

"हो."

"आमचं शेवटचं भांडण ह्याच्यावरूनच झालं. माहितीये ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. मी त्याच खोलीत होतो.

मग ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? मी आईला चारचौघांत बोलले. तुम्हीपण चारचौघांत सांगा."

निघताना दाजींना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू जा आता."

म्हणून ही पोस्ट.

आज जेवायला असलेल्या सगळ्या पाहुण्यांना सांगतो. मंगल हट्टी नव्हती. तिनं भावाचं ऐकलं.

आणि तुमच्या घरात कुणाला अशा गोळ्या चालू असतील तर रिपोर्ट कितीही चांगला येऊ द्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही सोडू नका. आजार गप्प आहे म्हणजे गेला, असं नसतं.

आक्का, तुझ्यावर आलेला बोल माझा होता. तो घ्यायला मला फार उशीर झाला. हात जोडतो.

बायको अजून फुलंब्रीलाच आहे, आक्काच्या घरी आवराआवर करायला थांबलीय. इकडं आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळाला पाणी आलंय.

उठतो. भरून घेतो.