एकोणचाळिसाव्या पानावर थांबलेलं बोट

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि कामही असं की सिद्ध झाल्याशिवाय काही मान्यच करायचं नाही. म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं.

मी कंपायलरवर काम करते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम कंपायलर मशीनच्या भाषेत उतरवतो. उतरवताना अर्थ जरासुद्धा बदलत नाही, हे गणिताने सिद्ध करणं माझं काम. आमचा कंपायलर सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपासाठी होता. तो चुकला तर पेशंटचा डोस चुकणार. तो बिनचूक असल्याच्या कागदावर सोमवारी मला सही करायची होती.

शनिवारी दुपारी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये कंपायलरने उतरवलेल्या मशीन कोडची छापील पानं पलंगावर ठेवली होती. शेजारी आई. तिने कामठीला पॉवरलूमसाठी आयुष्यभर कांड्या भरल्या, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळलं — ते बोटांतून सोडायचं, नजर भलतीकडे, धागा तुटला की हात आपोआप थांबतो. शाळेत ती गेलीच नाही. आता मोतीबिंदूमुळे अक्षर दिसतही नाही.

"काहून वं, जेवत नाही? कागदानं पोट भरते का तुह्यं?" असं म्हणत ती एकेक पान बाजूला करत, सवयीने बोट फिरवत होती. एकोणचाळिसाव्या पानावर बोट थांबलं.

"इथं सूत तुटलं हाय."

"आई, कागद हाय तो."

"मले नको शिकवू. तुटलं म्हंजे तुटलं."

मी हसून सगळी पानं पिसली, परत तिच्या हातात दिली. पुन्हा तेच पान. तीच ओळ.

मग मी वाचलं. तिथे एक फंक्शन बोलावलं जात होतं, आणि डोसचा अर्धवट झालेला हिशेब ज्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मशीनच्या आकडे ठेवायच्या कप्प्यात, ठेवला होता, त्यातच ते फंक्शन आपला आकडा लिहून टाकत होतं. माझ्या सिद्धतेत हे अडकायलाच हवं होतं! उघडून पाहिली... नेमकी तीच पायरी मी 'उघडच आहे, नंतर करू' असं लिहून सोडली होती. आणि साफ विसरले होते.

सोमवारची सही मी याच सिद्धतेवर करणार होते.

कंपायलर दुरुस्त केला, ती पायरी पूर्ण सिद्ध केली, नवी पानं छापली. आईचं बोट कुठेही न थांबता खाली गेलं. नंतर मुद्दाम चुका घातलेली पानंही दिली, तर तिथेही बोट थांबलं नाही; म्हणाली, "कोरा कागद हाय हा. मले झोपू दे."

ऑफिसच्या फॉर्ममध्ये 'दोष कोणी शोधला' इथे मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. सरांनी विचारलं, "या कोण?"

"माझी आई. कांड्या भरायची."

ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "कसा शोधला, तेही लिहा."

तो रकाना अजून कोराच आहे.