डावी मूठ

"मॅडम, बाई गळ्यातलं काढू देत नाहीत," सिस्टर दारातूनच म्हणाली. मी हात धुवायला निघाले होते.

"मंगळसूत्र का?"

"मंगळसूत्र दिलं काढून. दुसरंच आहे."

आत ऑपरेशन थिएटर तयार होतं आणि डॉ. काझी इंजेक्शनं भरून उभे होते. डॉ. काझी आमचे भूलतज्ज्ञ. परभणीत भूलतज्ज्ञ एका दवाखान्यात बसून राहत नाहीत, ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असतात. त्यामुळे ऑपरेशनची वेळ पेशंट ठरवत नाही, मीही ठरवत नाही, काझी ठरवतात. त्यांची वेळ चुकली की माझा चेहरा पडतो आणि त्यांचा पारा चढतो.

पेशंट होत्या शांताबाई. पालमच्या, साठीकडे झुकलेल्या. गावात किराणा दुकान, घरी गाय. उन्हाळ्यात वासराचं दावं सोडायला वाकल्या, तेवढ्यात वासरानं मुंडी वर झटकली ती थेट नाकावर बसली. रक्त थांबेपर्यंत हळद दाबून धरली. सूज उतरली तेव्हा नाक उजवीकडे सरकलं होतं. हाड तिथेच जुळून गेलं आणि बाईंनी ते तसंच सोडून दिलं.

बाहेरून दिसत होतं त्यापेक्षा आतलं काम जास्त बिघडलं होतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो, पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसलं लवचिक हाड. शांताबाईंचा पडदा मोडून दुमडला होता. एक घडी डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही वाटा बंद.

नाक बंद असणं काय असतं ते आपल्याला सर्दीवरून वाटतं की कळतं. ते खरं नाही, कारण सर्दी जाते. पहिल्यांदा आल्या तेव्हा शांताबाईंनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, "दिसायचं कसं का दिसंना म्याडम, पर घास चावायलं की दम कोंडायलाय. चावू का श्वास घिऊ?"

तोंड उघडं ठेवून चावावं लागे. मचमच आवाज होई. लाज वाटायची म्हणून त्या दुकानामागच्या खोलीत एकट्या जेवायच्या, बहुतेकदा दुधात भिजवलेली भाकरी गिळायच्या. लग्नाच्या पंगतीला बसणं त्यांनी बंदच केलं होतं. घरी सुना-नातवंडं असताना ही बाई महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मला त्या नाकापेक्षा या गोष्टीचाच जास्त राग आला होता.

मी बाहेर गेले. शांताबाई हिरव्या गाऊनमध्ये स्ट्रेचरवर बसून होत्या. छातीशी एक चांदीची डबी, तिच्यावर दोन्ही हात. बाजूला मुलगा, महेश, आईच्या पुढे हात जोडायच्या बेतात.

घर लिंगायतांचं. लहानपणी गुरू गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते त्या डबीत असतं. ते अंगावेगळं करायचं नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही. हे मला माहीत होतं. पेशंट तपासताना मी ती डबी पाहिलीही होती. ऑपरेशनच्या दिवशी तिचं काय करायचं, हे मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

"आई, दोन-तीन तासांचा तर प्रश्न हाय," महेश म्हणाला. "मी धरतो की हातात. खाली ठेवणार न्हाई."

शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं कुठं हाय?"

"घरी. देवघरात."

"मंग तू नको सांगू."

मी नेहमीचं समजावून पाहिलं. देवाला सगळं कळतं, तो रागावणार नाही वगैरे. शांताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पायांनी चपला शोधायला लागल्या.

"जाते मी, म्याडम. तुमचा येळ मोडला. हे उतरलं मंजी माणूस सरलं आमच्यात. न्हाई झालं नाक तर न्हाई."

त्या गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या. अशी माणसं पुन्हा येत नाहीत, संकोचापायी. पालमची बस धरायची, दुकानामागची खोली, दुधातली भाकरी.

काझी मास्क खाली ओढून बाहेर आले. "काय चाललंय?" मी सांगितलं. ते हळूच पण ठामपणे म्हणाले, "मॅडम, गळा मोकळा लागेल मला. मध्येच श्वासाच्या ट्यूबचं काही झालं तर तिथे दोरा नको. आणि चांदी नको."

चांदीचं त्यांचं बरोबर होतं. रक्त थांबवायला आम्ही कॉटरी वापरतो, म्हणजे विजेच्या उष्णतेनं रक्तवाहिनीचं तोंड बंद करणं. त्यासाठी अंगातून वीज खेळवावी लागते. अशा वेळी कातडीला लागलेला धातू चटका देऊ शकतो.

मी स्टूल ओढून शांताबाईंसमोर बसले. समजावणं सोडून दिलं आणि सरळ विचारलं, "मावशी, पूजेला काय करता? डबीतच असतं का?"

"न्हाई न्हाई. डबीतून काढून हातावर घेतो की. डाव्या तळहातावर."

"तेव्हा गळ्यात नसतं?"

"हातावर असतंय ना. अंगालाच हाय ते."

मी काझींकडे पाहिलं. त्यांना विचारावं लागलं नाही. "सलाईन उजव्या हाताला लावतो," ते म्हणाले, "बीपीचा पट्टा आणि बोटाची क्लिपही तिकडेच. डावा हात तुमचा, मावशी."

"भूल दिल्यावर मूठ सुटंल माझी."

"सुटू देत नाही. मी बांधतो."

शांताबाईंनी डबी उघडली. लिंग कपड्यात होतं, ते तळहातावर घेतलं आणि कपाळाला लावलं. काझींनी गॉज ठेवून वरून बँडेज गुंडाळलं, बोटांची टोकं मोकळी ठेवून. रिकामी डबी दोऱ्यासकट महेशकडे आली. तो ती खिशात टाकणार तोच आई म्हणाली, "गळ्यात घाल." त्यानं घातली. नोकरीवरचा इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर ती डबी. तो तसाच बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

ऑपरेशन मी सांगते तितकं सोपं नव्हतं. वाकडं जुळलेलं हाड सरळ करायचं तर ते आधी पुन्हा मोडावं लागतं. बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी. तो टकटक आवाज नवीन नर्सना सहन होत नाही. पडद्याचा दुमडलेला तुकडा बाहेर काढला, सरळ केला आणि पुन्हा जागेवर शिवला. आत सिलिकॉनच्या पट्ट्या, बाहेरून प्लास्टर. मध्ये एकदा रक्त जास्त आलं आणि कॉटरी पुन्हा पुन्हा लावावी लागली. त्या गडबडीतही काझी चादर उचलून डाव्या हाताची बोटं बघत होते. बँडेज घट्ट होऊन बोटं निळी पडायला नकोत म्हणून. नखं दाबायचे, रंग परत येतो का बघायचे, चादर खाली सोडायचे. असं त्यांनी किती वेळा केलं, मी मोजलं नाही.

नाकाच्या ऑपरेशनमध्ये मला भीती वाटते ती शेवटाची. पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा नाकात कापूस ठासलेला असतो. श्वास नाकातून येत नाही, अर्धवट गुंगीत माणूस घाबरतो आणि हात थेट नाकाकडे जातो. आमची तासांची मेहनत एका हिसक्यात जाऊ शकते. म्हणून आम्ही दोघा जणांना हात धरायला उभं ठेवतो.

घशातली ट्यूब काढण्याआधी अंगात ताकद आली का ते बघतात. काझी नेहमी आपली दोन बोटं पेशंटच्या हातात देतात आणि दाबायला सांगतात. त्या दिवशी त्यांनी उजव्या हातात बोटं दिली.

"शांतामावशी, मूठ आवळा."

उजवा हात हलला नाही. काझींच्या कपाळावर आठी आली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग सिस्टर म्हणाली, "सर, इकडे बघा."

डाव्या हाताच्या बँडेजमधली बोटं आवळली होती. चांगली घट्ट.

"आली ताकद," काझी म्हणाले आणि ट्यूब काढली. शांताबाईंनी तोंडानं श्वास घेतला. डावा हात वर आला. धरायला उभे असलेले दोघं पुढे झाले. पण हात नाकाकडे गेलाच नाही, छातीवर येऊन टेकला आणि तिथेच राहिला.

आठवड्यानं पट्ट्या आणि प्लास्टर काढलं. नाक सरळ झालं होतं, थोडी सूज होती. शांताबाईंनी आरसा मागितला नाही. पिशवीतून डबा काढला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्यासमोर, काझींसमोर, ओपीडीतल्या चार पेशंटांसमोर एक घास घेतला, तोंड मिटलं आणि चावत राहिल्या. मी पाहत होते. मध्ये कुठेही थांबल्या नाहीत. गिळून झाल्यावर दुसरा घास मोडला आणि तो महेशच्या हातावर ठेवला.

"आता घरी गेल्यावर ताट बाहेर वाढायचं माझं," त्या म्हणाल्या. "समद्यांत."

आमच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी कवळी, चष्मा, दागिने विचारतात. आता सिस्टर आणखी एक विचारते, "न उतरवण्यासारखं काही आहे का?" आदल्या दिवशी विचारते, काझी यायच्या आधी. बहुतेक जण नाही म्हणतात. कुणी हो म्हणालंच, तर चपला शोधायची वेळ येत नाही.