बाल्कनीतलं फावडं

रोडपालीच्या फ्लॅटमध्ये बसून मी सॉफ्टवेअरच्या माहितीपानांची मांडणी दुरुस्त करते. मजकूर दुसऱ्याचा असतो; मथळे, ओळी, चौकटी सरळ करणं एवढंच माझं काम. त्या आठवड्यात वाट्याला आलं मेमरीच्या आपोआप साफसफाईचं पान. चालू प्रोग्रॅममधल्या ज्या वस्तूला कुणी विचारत नाही, ती काढून जागा मोकळी करायची. लिहिणाऱ्या महाशयांनी कोड संपल्याची खूणच टाकली नव्हती, त्यामुळे निम्मं पान कोडच्या करड्या चौकटीत जाऊन पडलं होतं. नेमकी महत्त्वाची सूचनाही तिथेच: एका जरी ठिकाणाहून विचारणा होत असेल, तर वस्तू काढली जात नाही. करड्या चौकटीतलं वाचतंय कोण? माझं डोकंच फिरलं.

बाबा शेजारी चहा पीत होते. मिठागर आणि गावचं घर विमानतळाच्या जागेत गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. येताना हट्टाने आणलं ते मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. त्याच्यामुळे बाल्कनीचं दार लागत नाही. रविवारी भाऊ भंगारवाल्याला आणणार होता आणि फावडं जाणार हे ठरलं होतं. बाबांनाही ते माहीत होतं.

"कोनावर चिडलीस गो?" त्यांनी विचारलं. मी पान समजावून सांगितलं.

"म्हंजे कोनी इचारतंय तवर ठेवतात?"

"हो."

"मंग बरं हाय."

रविवारी भावाने फावड्याला हात घातला, तोच आतून आवाज आला, "फावडं हाय ना रं?"

"आहे, बाबा."

जरा वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी भंगारवाला हसत जुना कूलर तेवढा घेऊन गेला. "हे तूच शिकवलंस त्यांना," भाऊ माझ्यावर करवादला. मी हसले.

सध्या बाबा उलव्याला भावाकडे आहेत. रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "फावडं हाय ना?" मीही त्यांच्यासारखंच "हाय" म्हणते. काल फोन आला नाही. समोरच्या पानात लक्ष लागेना, म्हणून मीच भावाला फोन लावला.

"रात्री ताप होता. आता झोपलेत. उठवू का?"

"नको. उठले की सांग, मी विचारत होते."