बाजाराच्या दिवशी एक गोळी

“पाकीट संपलं मॅडम. आजची गोळी ऱ्हायलीय,” असं म्हणत हिराबाईंनी रिकामी पट्टी खिडकीतून आत सरकवली. “आन तोंड आलंय. त्याला बी काय तरी द्या.”

गुरुवार होता. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो आणि त्या दिवशी आरोग्य केंद्रात दुप्पट गर्दी असते. मी तिथे फार्मासिस्ट आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी खिडकीतून औषध देते आणि ते कसं घ्यायचं ते सांगते. हिराबाईंच्या मागे तीसेक माणसं उभी होती. तोंड आलं की बी कॉम्प्लेक्स, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की माझा एक हात त्या डब्याकडे गेलाही होता. दुसऱ्या हातात पट्टी होती. तिच्यावरचं नाव वाचलं आणि डब्याकडे गेलेला हात मागे घेतला.

मेथोट्रेक्झेट. दहा गोळ्यांची पट्टी, दहाही घरं फुटलेली.

हे औषध आमच्या केंद्रात मिळत नाही. हिराबाईंना संधिवात आहे. त्यातलाही तो प्रकार, ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उठते. बोटं सुजतात, हळूहळू वाकडी होतात. नगरच्या एका डॉक्टरांनी तपासून त्यांना हे औषध लिहून दिलं होतं. आठवड्यातून एकदा, एकच गोळी. कमी मात्रेत ते संरक्षणव्यवस्थेला शांत ठेवतं. मात्रा वाढली तर शरीरात नव्या पेशी तयार होणंच थांबवतं. कॅन्सरमध्ये हेच औषध मोठ्या मात्रेत देतात, पण दवाखान्यात ठेवून, रोज रक्त तपासून. मार आधी बसतो तो ज्या पेशी भराभर बदलतात त्यांना. म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीला आणि रक्ताला.

दहा गोळ्या दहा आठवडे पुरायला हव्या होत्या. नगरहून औषधं आणली की आमच्याकडचे लोक ती समजावून घ्यायला माझ्या खिडकीवर येतात. हिराबाईही आल्या होत्या. त्याला बरोबर दोन आठवडे झाले होते.

“हिराबाई, ही गोळी रोज घेतली का?”

“न्हाई वो! रोज कशाला? तुमीच सांगितलं न्हवं का, बाजाराच्या दिवशी घ्या म्हनून.”

“मग?”

“मंग बाजाराच्याच दिवशी घेते. एक बाजार चुकवला न्हाई.”

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. हिराबाई मिरची-मसाला विकतात. आपल्या गावचा बाजार हा त्यांचा एकमेव बाजार नव्हे.

“कोणकोणते बाजार करता तुम्ही?”

त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. “गुरवारी हितं. शनवारी काष्टी. ऐतवारी माझ्या माहेरच्या गावाला. सोमवारी जाऊबाईंच्या गावाला. मंगळवारी फाट्यावर. बुधवारी आन शुक्रवारी बसून माल निवडते.”

आठवड्याला पाच बाजार. पाच गोळ्या. दोन आठवड्यांत दहा. त्यांनी माझी सूचना तंतोतंत पाळली होती.

ही बाजाराच्या दिवसाची युक्ती माझी. आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांचं कायम तेच होतं, लोक वार विसरतात. पण बाजार कोणी विसरत नाही. म्हणून मी सांगायला लागले, बाजाराच्या दिवशी घ्या. तालुक्याच्या एका प्रशिक्षणात मी ही युक्ती सांगितली तेव्हा टाळ्याही पडल्या. मग मी रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीवर लावलं: आठवड्याची गोळी बाजाराच्या दिवशी. हिराबाई त्या कागदाच्या खाली उभ्या होत्या.

मी खिडकी बंद केली. रांगेतून लगेच आवाज आला, “आवं मॅडम, चहाची येळ झाली व्हय?”

“झाली,” म्हटलं आणि हिराबाईंना घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉ. साळवे आमचे वैद्यकीय अधिकारी. वयाने माझ्या भाच्याएवढे, पण घाईत काम करत नाहीत. त्यांनी टॉर्च लावून तोंड पाहिलं. आतून सगळं लालबुंद, मधे पांढरे चट्टे, हिरड्यांतून रक्त. अंगात ताप. पायांवर टाचणी टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की कातडीखाली असे ठिपके उठतात.

“ताप कधीपासून आहे?”

“कणकण हाय परवापासनं. उन्हात बसतो आमी, येतीच.”

“आणि तोंड?”

“मिरचीच्या धंद्यात तोंड येनारच की डाक्टर. गिऱ्हाईक म्हनतं, तिखट हाय का? मंग चाखून दाखवावं लागतं.”

“आणखी काही औषध घेता?”

“गुडघा लई धरला की दुखायची गोळी घेते. मेडिकलातनं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दुखण्याची गोळी मेथोट्रेक्झेटला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. आधीच जास्त, त्यात अडकून पडलेलं.

“याच्यासोबत एक फॉलिक ॲसिडची गोळी दिली असेल ना?” मी विचारलं. ती गोळी या औषधाचा त्रास थोडा कमी करते.

“ती ताकदीची? ती सुनेला देते. लई वाळलीय.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “एकूण किती गेल्या?”

“दहा. तेरा दिवसांत.”

“असं घ्यायला कोणी सांगितलं?”

“मी.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “ते नंतर. आधी एकशेआठ बोलवा.”

त्यांनी नगरच्या त्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून उत्तर स्पष्ट होतं. औषध ताबडतोब बंद, नगरलाच मोठ्या दवाखान्यात भरती आणि फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं आजच्या आज सुरू. फॉलिक नव्हे, फॉलिनिक. नावं जुळ्या भावांसारखी आहेत, कामं वेगळी. मेथोट्रेक्झेट शरीरातला एक रस्ता बंद करतं. फॉलिक ॲसिडला त्याच रस्त्याने जावं लागतं, म्हणून एवढ्या विषबाधेत ते उपयोगाचं नाही. फॉलिनिक दुसऱ्या रस्त्याने आत शिरतं.

इंजेक्शन शोधायचं काम माझ्याकडे आलं. रुग्ण पोचायच्या आत ते तिथे असायला हवं होतं. मी नगरच्या दुकानांना फोन लावायला सुरुवात केली.

“फॉलिक आहे ना मॅडम, पाहिजे तेवढं.”

“फॉलिक नको. फॉलिनिक.”

“एकच की हो ते.”

“एक नाही. खोक्यावरचं नाव मला अक्षर अक्षर वाचून दाखवा.”

त्याने वाचलं. फॉलिकच होतं. दुसऱ्या दुकानात माल नव्हता. तिसऱ्यात होता. त्याच्याकडूनही मी तीन वेळा अक्षरं वाचून घेतली. तो वैतागला, पण माल दवाखान्यात पोचवायला तयार झाला.

बाहेर येऊन पाहते तर हिराबाई पिशवी उचलून निघाल्या होत्या. डॉक्टर त्यांना पांढऱ्या पेशी समजावत होते.

“बाजार उठला की जाते,” हिराबाई म्हणाल्या. “मिरची उघड्यावर हाय. सुनंला काय कळत न्हाई त्यातलं.”

मी समोर उभी राहिले. “हिराबाई, ऐका. चूक तुमची नाही, माझी आहे. मला म्हणायचं होतं आठवड्यात एक. तुमच्या पोटात आठवड्याला पाच गेल्या. तुमचं नवं रक्त तयार होणं थांबलंय. तोंड मिरचीने आलेलं नाही, त्या गोळीने आलंय. आत्ता गेलात तर उतार पडेल. बाजार उठेपर्यंत थांबलात तर मला काही सांगता येणार नाही.”

“म्हंजी मी मरनार का काय?”

डॉक्टर काहीतरी सौम्य बोलू लागले. मी मधेच म्हटलं, “मरू शकता.”

त्या बाकावर बसल्या. पिशवी खाली ठेवली. “मंगलला बोलवा. शेजारच्या लसणावाल्याला म्हनावं माल झाक. आन लवंगी आन ब्याडगी एकात करू नको म्हनावं, त्याला फरक कळत न्हाई.”

सून मंगल धावत आली. ती आणि हिराबाई ॲम्ब्युलन्समध्ये बसेपर्यंत मी एका कागदावर सगळं लिहून काढलं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला घेतलं, सोबत दुखण्याची गोळी, फॉलिक ॲसिड घेतलेलं नाही. खाली लिहिलं: सूचना देण्यात आमच्याकडून चूक. डॉक्टर म्हणाले, ते शेवटचं वाक्य उपचाराला लागत नाही. मी म्हटलं, लागतं. नाहीतर तिथे ‘अडाणी बाई, रोज खात बसली’ असं लिहितील आणि खरं कारण शोधणारच नाहीत. त्यांनी सही केली.

गाडी गेल्यावर मी खिडकी उघडली. उरलेल्या माणसांना औषधं दिली. खिडकीवरचा रंगीत कागद मात्र आधी काढून टाकला.

पुढचे दिवस कठीण होते. या औषधाचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस वाढत राहतो, हे मला माहीत होतं, त्यामुळे धीर कुठून आणायचा हा प्रश्नच होता. पहिल्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की साधी सर्दीही जिवावर बेतली असती. हिराबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं. मी रोज सकाळी मंगलला फोन करायची.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “आत्याबाई काय बोलतच न्हाईत.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पेशी आणखी उतरल्या. चौथ्या दिवशी आकडा तिथेच थांबला. सहाव्या दिवशी मंगलने स्वतःच फोन केला.

“मॅडम, रक्त वाढलं म्हनत्यात. आन आत्याबाई सिस्टरशी भांडल्या. दूध पानचट हाय म्हनल्या.”

मी स्टोअरमध्ये होते. तशीच डॉ. साळवेंना सांगायला त्यांच्या खोलीत गेले.

मधल्या काळात आणखी एक काम करायचं होतं. बाजाराच्या दिवसाची सूचना मी हिराबाईंना एकट्यांना थोडीच दिली होती? रजिस्टर काढलं. आठवड्याला घ्यायचं ड जीवनसत्त्व, हाडांची गोळी, असे सगळे शोधले. आमच्या आशाताईंना घेऊन घरोघर गेले. बहुतेकांचं ठीक होतं. एक बांगड्या विकणाऱ्या बाई आठवड्याला तीन पुड्या घेत होत्या. त्यांच्या नशिबाने ते ड जीवनसत्त्व होतं, थोडक्यात निभावलं. एक निवृत्त गुरुजी मात्र उलटे निघाले. गेल्या महिन्यात यात्रेमुळे दोन आठवडे बाजार भरला नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही आठवडे गोळी घेतलीच नव्हती.

“बाजार भरलाच नाही, तर घेणार कशी?” त्यांनी मलाच विचारलं. मी त्यांच्या पाकिटावर वार लिहून दिला.

महिन्याच्या बैठकीत मी हा सगळा प्रकार लेखी दिला. तालुक्याच्या साहेबांनी कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“मॅडम, पेशंट बरा होतोय ना? मग हे कशाला? उगाच तुमच्या नावावर येईल.”

“माझ्याच नावावर आहे, सर.”

“अहो, पण एका बाईचा गैरसमज झाला. बाकीच्या केंद्रांना त्यात काय सांगायचं?”

“माझा तो रंगीत कागद बाकीच्यांनी फोटो काढून नेलाय. आणखी चार खिडक्यांवर लागलाय. मी विचारून घेतलंय.”

साहेबांनी कागद पुन्हा ओढून घेतला. समोर बसलेल्या फार्मासिस्टांकडे पाहिलं. चार जण खाली बघत होते.

“आज जाऊन काढा,” साहेब म्हणाले. “आणि त्याच्या जागी काय लावायचं?”

“काहीच नाही. पाकिटावर वार लिहायचा. महिन्याच्या चारच गोळ्या कापून हातात द्यायच्या, बाकीची पट्टी पुढच्या वेळी. आणि समोरच्याला म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा कशी घेणार.”

“रांग वाढेल.”

“वाढेल.”

वाढलीच. माणसामागे अर्धं मिनिट जास्त लागतं. पहिल्या आठवड्यात एक आजोबा भडकले. “म्या काय साळंत हाय का? परीक्षा घेताय व्हय?” मी म्हटलं, हो. त्यांनी रागारागाने उत्तर दिलं आणि ते चुकीचं होतं. रक्तदाबाची गोळी चक्कर आली तरच घ्यायची, असं ते समजत होते. त्यानंतर केंद्राच्या शिपायानेही रांगेबद्दल कुरकुर करणं सोडलं.

हिराबाई तीन आठवड्यांनी परत आल्या. केस विरळ झाले होते, वजन उतरलं होतं, बोलणं होतं तसंच. नगरच्या डॉक्टरांनी ते औषध कायमचं बंद करून दुसरं सुरू केलं होतं. ते रोज घ्यायचं होतं.

“सांगा बघू, कसं घ्यायचं?”

“रोज एक. जेवल्यावर.”

“आणि दुखण्याची गोळी?”

“इचारल्याबिगर न्हाई.” मग खिडकीला जरा टेकून त्या म्हणाल्या, “मॅडम, येक सांगू का? मला वाटलं हुतं, पाच बाजार करनाऱ्या बाईला पाच गोळ्या लागत असतील. कष्ट जास्त, तर गोळ्या जास्त.”

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सूचना सोपी केली म्हणजे ती सुरक्षित झाली, असं मी वीस वर्षं समजत होते. ती सोपी होती, पण माझ्यासारखा आठवडा जगणाऱ्यांसाठी. आता आठवड्याचं औषध देताना मी आधी विचारते, तुमचा आठवडा कसा जातो. लोक सविस्तर सांगतात. नको तेवढं सांगतात. मागची रांग ओरडते आणि मी ऐकत राहते.