अण्णांच्या जागरणाचा पुरावा

तमाम इंदिरानगरास कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या शेजारच्या अण्णांना कित्येक वर्षांत झोप लागलेली नाही. रोज सकाळी टवटवीत चेहऱ्याने कुंपणापाशी येऊन ते सांगत, “स्वल्पसुद्धा नाही हो!” या जागरणापायी पहाटे दुधाच्या रांगेत त्यांच्या पत्नी, अक्का, उभ्या राहत. शेवटी त्यांच्या इंजिनिअर भाच्याने चादरीत बारीक तारा शिवून त्या एका यंत्राला जोडल्या. माणूस तळमळला, की यंत्रातल्या कागदावरची रेघ नाचणार. अण्णा पुराव्याच्या आशेने ऐटीत आडवे झाले. सकाळी पाहतो तर रेघ रात्रभर हेब्बाळच्या तळ्यासारखी शांत! अक्कांनी दुधाच्या रांगेसाठीची रिकामी पिशवी त्यांच्यापुढे धरली. अण्णा कडाडले, “चादर झोपली असेल, मी नाही!”