आण्णा आणि ‘रीकन्सिडर’

मंगळवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर नववीच्या मुलांची शिकवणी चालू होती. धड्यात शब्द आला ‘रीकन्सिडर’... आणि बाईंचीच, म्हणजे माझीच, जीभ अडखळली.

कारण घरात नेमका त्यावरूनच अबोला चालला होता. मला नेवाशाच्या शाळेत नोकरी लागलीय. शेवगावजवळच्या आमच्या गावातून एसटीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे स्कूटीशिवाय इलाज नाही. पण गेल्या सीझनला ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून माझी स्कूटी घसरून मी पडले, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, पारावर सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, "आमची सून आता गाडीला हात लावनार न्हाई!"

आण्णा म्हणजे गावातली भांडणं मिटवणारा माणूस. ते पारावरचा शब्द फिरवतील? नाव नको! नवरा म्हणे, तूच बोल. वा रे वा, वडील तुमचे आणि बोलायचं मी...

तर मी मुलांना सांगितलं, रीकन्सिडर म्हणजे फेरविचार करणं. एकदा ठरवलेली गोष्ट पुन्हा नीट तपासून बघणं. ज्याच्या हातात निर्णय असतो, त्याला आपण विनंती करतो, ‘प्लीज रीकन्सिडर’.

पलीकडे शेंगा फोडत बसलेले आण्णा मध्येच म्हणाले, "म्हंजी शब्द फिरवनंच की!"

पोरं फिसकन हसली. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"नाही आण्णा. मागं कपाशी लावायची म्हणून तुम्ही गावभर सांगितलं होतंत. पाऊस लांबला, मग थांबलात आणि तूर पेरलीत. तेव्हा कुणी म्हटलं का, आण्णांनी शब्द फिरवला म्हणून?"

आण्णा शेंगांची टोपली उचलून आत गेले. मला वाटलं, झालं... गेली नोकरी.

सकाळी बघते तर स्कूटी जागेवर नाही! ब्रेक तपासून घ्यायला आण्णांनी ती हातानं ढकलत गॅरेजला नेली होती. आणि तीही मुद्दाम पारावरून. तिथल्या मंडळींनी हटकलंच. आण्णा काय म्हणाले ते नवऱ्यानं धावत येऊन सांगितलं, "सून नेवाशाला शाळंत शिकवाया जानार हाय. तवा मी लई घाबरलो हुतो, म्हनून तसं बोललो. आता पुन्ना इचार केला."

घाबरलो होतो... आणि आम्ही घरातले सगळे त्याला हट्ट समजत बसलो होतो! मला एकदम रडूच आलं.

काल शाळेचा पहिला दिवस झाला. रस्ता बघायचाय म्हणून आण्णा मागे बसून आले आणि नेवाशापर्यंत ‘हळू, हळू’ म्हणून माझं डोकं खाल्लं.

आण्णा, तुम्ही काही फेसबुकवर नाही. तरी इथं सगळ्यांसमोर सांगते, भीती वाटली होती हे पारावर मोठ्यानं सांगणारा सासरा मला मिळाला... मी फार नशीबवान आहे.