जमिनीच्या तिकिटावरची सतरंजी

साठ सालानंतर काही वर्षं मी पौडच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. भाताची कापणी-झोडणी उरकली की तिथे एक फिरती नाटक मंडळी तंबू ठोकायची. तिच्या मालकीणबाई स्वतः कामंही करत. नवरा वारल्यावर मंडळी त्यांनीच चालवली होती. त्या वर्षी त्यांचा नेहमीचा छापखाना बंद पडला, म्हणून नवी तिकिटं पुण्याला छापून घ्यायची होती. छापखान्याला नमुना काढून हवा होता. बाईंनी मला बोलावलं.

"मोर वर, डावीकडे बघणारा. कागद पिवळा, शाई तांबडी. मोराच्या आजूबाजूला काही काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी घालून दिलंय."

मी दोन दिवसांनी नमुना नेला. त्यात मोरामागे पडदा आणि पडद्यामागे डोंगर काढले होते. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"सुरेख आहे, मास्तर. पण हे आमचं तिकीट नाही. आमचा मोर बघून लोक येतात. नाव वाचता येणारे किती?"

वाईट वाटलं, पण मुद्दा खरा होता. ताम्हिणीकडून येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तिकिटं तीन दरांची आणि कागद मात्र एकच, त्यामुळे खुर्ची, बाक की जमीन हे दारावरच्या माणसाला प्रत्येकाला सांगावं लागे आणि दाराशी गर्दी तुंबे. मी म्हटलं, कागद तीन रंगांचे घ्या. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग खाली मोकळ्या राहिलेल्या जागेत खुर्ची, बाक आणि सतरंजी अशी छोटी चित्रं टाकू का, असं विचारलं. मोरापासून ती लांब होती, म्हणून त्या कबूल झाल्या. सतरंजीवर मात्र त्यांनी काट मारली.

"खाली बसणाऱ्याला ते आणखी चित्रात कशाला दाखवायचं? त्याची जागा मोकळीच राहू द्या."

त्यांच्या मनात कमीपणा नको असाच विचार होता. मलाही तो पटला.

पहिल्या खेळाला मी दाराशीच उभा होतो. घाटाकडची एक मध्यमवयीन बाई आपलं तिकीट उलटसुलट करून बघत होती. शेजारच्याच्या हातातलं खुर्चीचं तिकीट तिने पाहिलं आणि दारावरच्या माणसाला विचारलं, "ह्येच्यावर खुर्ची हाय, त्येच्यावर बाक हाय. मंग आमच्यावर का न्हाई काय? आमी काय फुकट आलोय व्हय?"

तो हसला. ती हसली नाही. मागच्या दोघीतिघींनीही आपापली तिकिटं पुढे केली. मालकीणबाई आत तोंडाला रंग लावत होत्या. कनातीआडून त्यांना सगळं ऐकू गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा जमिनीची उरलेली तिकिटं पेटीवर मांडून त्या बसल्या होत्या. शेजारी तांबड्या शाईची दौत आणि दोन टाक.

"आता नवा ठसा करायला वेळ कुठला! बसा, मास्तर. काढून दाखवा एक."

मी चार रेघांची सतरंजी काढली आणि टोकाला दशा सोडल्या. त्या बघून बाई काढू लागल्या. त्यांच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ येत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "हे असते तर त्यांनी मला सतरंजी काढू दिली नसती." त्या आवाजावरून बरं की वाईट, ते काही कळलं नाही. संध्याकाळच्या खेळाला ती तिकिटं निमूट खपली.

पुढच्या हिवाळ्यात मंडळी आली ती सतरंजीचा ठसा करूनच. नवीन तिकीट हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की खुर्चीचा मागचा पाय आखूड झालाय. चूक माझ्याच नमुन्यातली होती. मी बाईंना म्हटलं, एवढा पाय नीट करून देतो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता लोकांच्या ओळखीची झालीय ती."